नाही म्हणायला जागा

ऑड्री बेट, २० जानेवारी २०२४

ताई,

जहाज उद्या दुपारी केप टाउनला परत निघेल, त्याच्याबरोबर हे पत्र जाईल. व्हिडिओ कॉलवर तू "कसा आहेस" विचारतेस आणि मी "मजेत" म्हणेपर्यंत माझं तोंड उघडंच अडकून पडतं. शिवाय इथलं इंटरनेट लंडननं नेमलेल्या प्रशासकाच्या ऑफिसातून येतं, आणि आमचं बोलणं तिथं कुणीतरी चहा घेत ऐकतं अशी सगळ्या गावाची खात्री आहे. मराठी पत्र बरं. ते उघडलं तरी चहा गार होईल.

आधी बातमी. मार्थाला दिवस गेलेत. ऑगस्टमध्ये तू आत्या होशील.

दोन वर्षांत बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात परत येशील म्हणाली होतीस. चार झाली. आता तर मी जायचं म्हटलं तरी हे लोक मला जाऊ देणार नाहीत, कारण दोर ओढायला एक माणूस कमी पडेल. तुला सांगितलंय का हे? इथं धक्का नाही. जहाज लांब उभं राहतं, त्याची होडी लाटा फुटतात तिथवर येते आणि दोर फेकते. किनाऱ्यावर आम्ही सगळे उभे असतो: पाद्री, शाळेच्या बाई, मी. मार्थाचे वडील जोसाया लाट बघतात आणि ओरडतात, की आम्ही ओढतो. नियम एकच. दोर हातात आला की होडी वाळूला लागेपर्यंत सोडायचा नाही. अर्ध्यात सोडला तर होडी आडवी होते आणि आतली माणसं जातात.

दुसरीही एक रीत आहे. होडीवर पांढरी चादर दिसली तर आजारी माणूस आणायचा किंवा न्यायचा आहे, नाहीतर डॉक्टर आणायचा आहे असं समजायचं. मग घरात भांडण असो की मयत असो, सगळं गाव खाली धावतं. चादरीला इथं कुणी कधी नाही म्हटलेलं नाही. मी पहिल्यांदा आलो तोही चादरीखाली, डॉक्टर म्हणून. मला वाटलं, काय स्वागत आहे!

आता काम. बेटाभोवतीचा समुद्र लंडननं एका कंपनीला मासेमारीसाठी देऊन टाकला. इथल्या एकाही माणसाला विचारलं नाही. आणि आता उतरणाऱ्या प्रत्येक खोक्यावर कर बसवणार आहेत. या लोकांचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडहूनच इथं येऊन राहिले, घरोघरी भिंतीवर राजाचा फोटो आहे, पण त्यांचं म्हणणं मांडायला लंडनमध्ये एक खुर्ची नाही. तेवढंच मागणारा अर्ज मी लिहून दिलाय. हसू नकोस. साताऱ्याच्या कचेरीत जन्म घालवलेल्या कारकुनाचा नातू आहे मी. आजोबा काय म्हणायचे? "अर्ज असा लिहावा, की वाचणाऱ्याला नाही म्हणायला जागाच उरू नये."

या बेटांचा कारभार तुझंच खातं बघतं, तेव्हा तो तिथंच आला असणार. बघशील?

तुझा,
सुश्रुत

हाउन्सलो, २४ फेब्रुवारी २०२४

प्रिय सुश्रुत,

पत्र वाचलं तेव्हा अंगात कोट होता, तो तसाच राहिला. विनय म्हणाला, "अगं, बस तरी." मी बसले आणि रडले. आई असती तर, एवढंच मनात येत होतं. तनिषानं सगळं ऐकून विचारलं, "आई, म्हणजे माझा कझिन येणार का माझी कझिन येणार? आणि मामाच्या आयलंडवर पार्सल जातो का?" जातो म्हटलं, दोर ओढला तर. तिला वाटलं मी गंमत करतेय.

मार्थाला सांग, लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस. तू तिला सांगत असशीलच. पण डॉक्टर नवऱ्याचं कोण ऐकतं?

तुझा अर्ज आमच्या खात्यात आहे. पहिल्या परिच्छेदातच ओळखला. "सबब विनंती की" हे इंग्रजीत लिहिता येतं, हे तुझ्याशिवाय कुणाला सुचेल? लिहिणारा माझा भाऊ आहे, हे मी कुणालाही बोलले नाही. तो माझ्या वरच्या साहेबांनी, ऑलिव्हरनी वाचला. "फारच सुंदर ड्राफ्ट आहे," म्हणाले. खाली शेरा मारला, "नोंद घेतली." सुश्रुत, नोंद घेतली म्हणजे काय हे मला तुला समजावून सांगावं लागू नये.

खालच्या सह्यांमध्ये तुझं नाव सर्वांत वर का आहे? ते लोक तिथले आहेत. तू करारावर गेलेला डॉक्टर आहेस. अर्ज लिहून द्यायचा आणि बाजूला व्हायचं. आजोबांनी कधी सही केली का?

आणखी एक. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि मार्थाचं माहेर तिथंच आहे, मला कळतं. पण गेल्या वर्षी आम्हीच तुमचा भूल देणारा डॉक्टर काढून घेतला. ती फाइल माझ्या टेबलावरून गेली, म्हणून मला माहीत आहे. ऑपरेशन करायची वेळ आली तर काय करशील? तिला वेळेत इकडे पाठव. वरची खोली रिकामी आहे. विमानांचा आवाज येतो, पण माणसाला दोन दिवसांत सवय होते.

ताई

ऑड्री बेट, ३० मार्च २०२४

ताई,

हे पत्र शेवंड, म्हणजे लॉबस्टर, पकडणाऱ्या बोटीबरोबर पाठवतोय. समुद्र शांत असला की आमची लहान होडी त्यांच्यापर्यंत जाते. नसला की ते टपाल डब्यात बंद करून लाटेवर सोडतात आणि आम्ही किनाऱ्यावर वाट बघतो. तुझं पत्र तसंच आलं. थोडं खारट होतं.

मार्था छान आहे.

कर सुरू झाला. दुधाच्या पावडरीवरसुद्धा. वसुलीसाठी प्रशासकानं नवी माणसं मागवली, ती जहाजानं आली, होडीत बसली आणि लाटांच्या पलीकडे येऊन दोर घेऊन उभी राहिली. आणि ताई, कुणी खाली गेलंच नाही. ओरडा नाही, दगड नाही. सगळं गाव आपापल्या दारात, हात खिशात. जोसाया बाकावर बसून पाइप ओढत होते. प्रशासक किनाऱ्यावर एकटाच, बुटात पाणी, हात हलवत होता. त्याला वाटत होतं आम्हाला दिसलं नाही. शेवटी होडी परत गेली. जहाज, औषधं, टपाल, सगळं गेलं.

संध्याकाळी इंटरनेट बंद झालं.

गावाची सभा झाली. लंडनमध्ये खुर्ची मिळेपर्यंत सरकारी होडीचा दोर घ्यायचा नाही, असं ठरलं. फक्त पांढरी चादर सोडून. ठराव कुणी लिहिला, विचारू नकोस. सही सर्वांत वर कुणाची, तेही विचारू नकोस. "करारावर गेलेला डॉक्टर" असं तू लिहिलंस, ते वाचून मार्था म्हणाली, "तुझ्या बहिणीला सांग, दोर करारावर ओढत नाहीत."

आजोबा सही करत नसत, कारण त्यांना पेन्शन हवी होती. मला ते तेव्हाही कळायचं. पण तू, ताई? "मी कुणालाही बोलले नाही" हे तू दाखला दिल्यासारखं लिहिलंस. नोंद घेतली! हाउन्सलोच्या व्हाइसरीणबाई, आपण नक्की कुणीकडच्या?

रागावू नकोस. इथं बोलायला मराठी माणूस नाही, म्हणून सगळं तुझ्यावर निघतं. मार्था छान आहे.

सुश्रुत

हाउन्सलो, २९ एप्रिल २०२४

सुश्रुत,

मी कुणीकडची, हा प्रश्न मला विचारायला तुला एवढा समुद्र ओलांडून जायची गरज नव्हती. पिकॅडिली लाइनमध्ये रोज बसते तेव्हा मी तोच विचारते. ज्यांनी आपल्या आजोबांना खुर्चीत बसू न देता कचेरी चालवून घेतली, त्यांच्या कचेरीत मला खुर्ची मिळाली. मला वाटायचं, आत एक माणूस आपलं असलं की बाहेरच्या चार माणसांचं भलं होतं. अजून वाटतं. वाटायला हवं, नाहीतर सकाळी उठू कशाला?

बातमी वाईट आहे. दोर घेईपर्यंत जहाज पाठवायचं नाही, असा निर्णय झाला. मी त्या मीटिंगमध्ये होते. "औषधांचं काय?" असं विचारलं. ऑलिव्हर शांतपणे म्हणाले, "नुसता दोर तर उचलायचाय, नीना." कुणी हसलंही नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

तुझं नाव आता फाइलच्या मुखपृष्ठावर आहे. आडनाव माझ्या माहेरचं, म्हणून अजून कुणी जोडलेलं नाही.

हे सगळं राहू दे. तू "मार्था छान आहे" दोनदा लिहिलंस. लहानपणी ताप आला की तू असाच दोनदा "बरा आहे" म्हणायचास, शाळा बुडू नये म्हणून. काय लपवतोयस?

ताई

ऑड्री बेट, १४ मे २०२४

ताई,

शेवंडाचा हंगाम संपला. ही शेवटची बोट. यानंतर सप्टेंबरपर्यंत इकडे कुणी येणार नाही.

तू ओळखलंस. मार्थाची वार, प्लॅसेंटा, खाली आहे, गर्भाशयाच्या तोंडावरच. मला मार्चमध्येच दिसलं होतं. सरकेल वर, बहुतेकींची सरकते, असं म्हणत राहिलो. सरकलेली नाही. गेल्या आठवड्यात तिला पहिल्यांदा रक्त गेलं. थांबलं. ती चूल पुसत होती, फडकं लाल झालं म्हणून तिनं मला हाक मारली, अगदी साध्या आवाजात, दूध उतू गेल्यावर मारतात तशी.

नैसर्गिक बाळंतपण होणार नाही. ऑपरेशनच करावं लागेल. माझ्याकडे टेबल आहे, दिवा आहे, सुरी आहे. भूल देणारा नाही, पुरेसं रक्त नाही. कळा सुरू झाल्या तर मी माझ्या बायकोच्या उशाशी डॉक्टर म्हणून उभा असेन आणि माझ्या हातात काहीही नसेल. हे वाक्य लिहायला मला सकाळ लागली.

या बोटीतून का पाठवत नाहीस, असं विचारशील. केप टाउनला पोचायला आठवडा लागतो. लहान बोट आणि हा समुद्र. वाटेत पुन्हा रक्त गेलं तर बोटीवर फक्त बर्फ आणि शेवंड आहेत. तिला जहाज हवं, सर्जन हवा, रक्त हवं. जूनच्या मध्यापर्यंत.

मी प्रशासकाकडे गेलो. तो म्हणाला, "मला फार वाईट वाटतंय. जहाज लंडनच्या हातात आहे. आणि दोर तुमच्या." मी जोसायांकडे गेलो. म्हटलं, ठराव मागे घेऊ या. ते म्हणाले, "माझ्या मुलीसाठी ठराव मोडायची गरज नाही. चादर लावून येऊ दे. आम्ही पाण्यात उतरू, गळ्यापर्यंत." ते काडीमागून काडी ओढत होते. पाइप पेटेना.

ताई, मी तुझ्याबद्दल जे जे लिहिलं ते सगळं विसर. अर्ज लिही. तुला माझ्यापेक्षा चांगलं लिहिता येतं, आजोबाही म्हणायचे. हे लोक चादरीला नाही म्हणत नाहीत, एवढं तुझ्या साहेबांना पटवून दे. जहाज रिकामं परत येणार नाही याची खात्री वाटली तर पाठवतील. असा लिही, की नाही म्हणायला जागाच उरू नये.

सुश्रुत

हाउन्सलो, ४ जून २०२४

सुश्रुत, सुश्रुत,

मंजूर झालं!

तुझं पत्र शुक्रवारी आलं. शनिवार-रविवार मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलं. विनयनं भात-आमटी केली. आजोबा जवळ बसल्यासारखे वाटत होते. एकही शब्द जास्तीचा नाही, कुठलीही तक्रार नाही. आधी वैद्यकीय मजकूर. मग आपली जबाबदारी. मग शंका येईल तिथं आधीच उत्तर: दोर घेतील का? घेतील. बेटावर एक रीत आहे, ती ठरावाच्याही वर आहे, आजवर मोडलेली नाही. पांढरी चादर लावलेली होडी ते कोणत्याही परिस्थितीत ओढून घेतात.

आणि शेवटी मी लिहिलं की ती माझी भावजय आहे. लपवणं बरोबर वाटलं नाही.

ऑलिव्हरनी सोमवारी सकाळी वाचलं, दोनदा. मला आत बोलावून म्हणाले, "नीना, इतकी उपयोगी टिपणी मी वर्षानुवर्षं वाचलेली नाही." दुपारपर्यंत वरून मंजुरी. सर्जन, भूल देणारी डॉक्टर, रक्त, सगळं. जहाज रविवारी केप टाउनहून निघेल. म्हणजे हे पत्र आणि जहाज एकदमच पोचतील, पत्राचा काही उपयोग नाही, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

मी केप टाउनला जाऊन थांबते, रजा टाकली आहे. तनिषानं मार्थासाठी एक मऊ गाउन आणलाय, त्यावर मेंढ्या आहेत. "मामीला शीप आवडतो ना? तिथे शीप असतो ना?" असतात म्हटलं.

बघितलंस ना? आत आपलं एक माणूस असलं की होतं. तुला टोमणा म्हणून नाही लिहीत. मला स्वतःलाच ऐकायचं होतं.

ताई

हाउन्सलो, ६ जून २०२४

सुश्रुत,

हे पत्रही त्याच थैलीत जाईल. तुला हे वाचायला मिळेल तेव्हा होडी वाळूला लागलेली असेल. हे मला कळतं. तरी लिहिते.

आज जहाजावरच्या लोकांची यादी माझ्याकडे सहीला आली, रजेवर जायच्या आधी. सर्जनच्या आणि डॉक्टरबाईंच्या नावांखाली पोलीस आहेत. बरेच. शिरस्त्राणं, बेड्या आणि जोसायांच्या नावाचं वॉरंट.

मी ऑलिव्हरकडे गेले. म्हटलं, चादरीखाली पोलीस? ते म्हणाले, "होडीत आजारी माणसासाठी डॉक्टर आहेत की नाहीत? मग चादर खोटी कशी?" म्हटलं, मी हे यासाठी लिहिलं नव्हतं. तर ते खरंच प्रेमानं म्हणाले, "तुझी भावजय वाचेल, नीना. आणि कायदाही उतरेल. तुझ्या टिपणीनं दोन्ही शक्य झालं."

मी ओरडले. तिथं कुणी ओरडत नाही. मग मी यादीवर सही केली नाही. ती माझ्या सहीशिवाय पुढे गेली.

तुम्हाला कळवायला काहीच नाही. इंटरनेट बंद, बोटी नाहीत. जहाजाच्या केप टाउनमधल्या एजंटला फोन केला, त्याला विचारलं, होडीवर चादर लावू नका असं कप्तानाला सांगाल का? आणि विचारता विचारताच मी गप्प झाले. चादर नसेल तर तुम्ही खाली येणार नाही. मार्था येऊ शकणार नाही. तो "हॅलो, हॅलो" करत राहिला. मी फोन ठेवला.

सुश्रुत, मी फोन ठेवला. हे तुला माहीत असायला हवं.

ताई

ऑड्री बेट, १९ जून २०२४

ताई,

मार्था जहाजावर आहे. डॉक्टरबाईंनी तिला तपासलंय, बाळाचे ठोके चांगले आहेत. हे आधी.

परवा सकाळी चादर दिसली. पाद्रींनी घंटा वाजवली. सगळं गाव खाली धावलं, ठरावासाठी सर्वांत मोठ्यानं ओरडलेले सर्वांत पुढे. मार्थाला आम्ही खुर्चीत बसवून, घोंगडीत गुंडाळून आणलं. दोर आला. जोसाया ओरडले, आम्ही ओढायला लागलो. होडी लाटेच्या माथ्यावर होती तेव्हा ताडपत्री उडाली आणि शिरस्त्राणं दिसली.

कुणीतरी ओरडलं, "सोडा!" मी सोडणार होतो. माझ्या हातांनी ठरवलंच होतं. मी जोसायांकडे पाहिलं. ते होडीकडे बघत नव्हतेच, मागून येणाऱ्या लाटेकडे बघत होते. आणि ओरडले, "ओढा!" आम्ही ओढलं. भिजण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही. एका पोलिसाला वाळूवर उलटी झाली, तर मार्थाच्या आईनं त्याला पाणी दिलं. तो घटाघट प्यायला, आणि मग जाऊन तिच्या नवऱ्याच्या मागं उभा राहिला.

जोसायांना तिथंच बेड्या घातल्या. मार्था म्हणाली, मी जाणार नाही, आता तर नाहीच. ते म्हणाले, "चादर तुझ्यासाठी होती. जा." पण तिला घेऊन होडी लाटांपार न्यायची तर लाट कोण सांगणार? जोसायांइतकं भरवशाचं कुणी नाही. पोलिसांचा अधिकारी समुद्राकडे बघत राहिला आणि मग त्यानं बेड्या काढल्या. जोसायांनी लाट पाहिली, मुलीची होडी लोटायला लावली, ती पार होईपर्यंत उभे राहिले. मग वळून स्वतःच हात पुढे केले.

टपालाची थैली त्यानंतर उघडली. मी तुझं आनंदाचं पत्र आधी वाचलं. मग दुसरं.

चादरीचं लंडनला कुणी कळवलं, असं सगळे एकमेकांना विचारतायत. त्यांना वाटतं प्रशासकानं. मी काही बोललो नाही. मीच तुला लिहायला सांगितलं होतं. अर्ज चांगला झाला असणार, ताई. खरंच जागा उरली नाही, पण ती त्यांना नाही, आम्हाला.

काल रात्री सभा झाली. उद्या जोसायांना घेऊन होडी जाईल, ती शेवटची. यापुढे सरकारची कुठलीही होडी ओढायची नाही, चादर असो वा नसो. डॉक्टर म्हणून मी उठून बोलायला हवं होतं. उद्या एखाद्या बाईला रक्त गेलं तर, असं. मी बसून राहिलो आणि मतासाठी हात वर केला. पोलीस इथंच राहतायत, शाळेत उतरलेत. त्यांना परत कोण नेणार, हे अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

मी मार्थाबरोबर गेलो नाही. आता इथं कुणी आजारी पडलं तर दुसरं कुणीही येणार नाही. माझं बाळ मी कधी पाहीन, माहीत नाही.

मार्थाला मी काही सांगितलेलं नाही. ते तू सांग.

सुश्रुत

हाउन्सलो, ८ सप्टेंबर २०२४

सुश्रुत,

शेवंडाच्या बोटी पुन्हा निघाल्या आहेत. हे डब्यातून लाटेवर सोडतील.

तुला मुलगी झाली. केप टाउनला, ऑपरेशन करून, वेळेच्या जरा आधी. मार्थाला रक्त खूप गेलं, पण रक्त होतं, म्हणून ती आहे. दोघी आता इथं, आमच्या वरच्या खोलीत आहेत. मुलीचे कान आईचे आहेत, आपल्या आईचे. नाव मार्थानं ठेवलेलं नाही. बापाशिवाय ठेवायचं नाही म्हणते. तनिषा तिला नुसतं "बेबी" म्हणते आणि तास न् तास घेऊन बसते. जोसायांची सुनावणी लंडनमध्ये पुन्हा पुढे गेली. मार्था मुलीला घेऊन तुरुंगात त्यांना भेटून आली. काचेतून दाखवली.

मी तिला सांगितलं. वाट बघितली ती फक्त मार्था नीट चालायला लागेपर्यंत. स्वयंपाकघरात सांगितलं, त्याच टेबलाशी. तिनं एकच विचारलं, "काय लिहिलं होतंस? वाचून दाखव." मी पूर्ण टिपणी वाचून दाखवली. माझा आवाज आजोबांसारखा येत होता, सरळ, न अडखळता. संपल्यावर ती म्हणाली, "छान लिहिलंय." आणि मुलीला घेऊन वर गेली.

मग ती माझ्याशी बोलायचीच थांबली. मी ताट नेऊन ठेवायची, ती जेवायची, ताट धुऊन ठेवायची. गादीवरची पांढरी चादर तिनं काढून घडी करून दाराबाहेर ठेवली होती. मी निळी दिली.

नोकरी सोडली. त्यानं काही भरून येत नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. शेवटच्या दिवशी ऑलिव्हरनी विचारलं, "पोलिसांना परत कसं आणायचं, काही सुचतंय?" दोनदा जहाज गेलं, सुश्रुत, दोन्ही वेळा चादर लावून. कुणी खाली आलं नाही, असा अहवाल आला. मी तो वाचला आणि तुम्हा सगळ्यांचे हात खिशात दिसले. तिथं कुणी आजारी आहे का? तू बरा आहेस का? एकदाच लिही, दोनदा नको.

परवा मार्था खाली आली. म्हणाली, "मी घरी जातेय. मुलगी आणि मी. शेवंडाच्या बोटीचा मालक नेईल म्हणतो." मी म्हटलं, एवढ्या लहान जिवाला त्या समुद्रात? दोर कुणी घेतला नाही तर? तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तर परत येऊ. तूही चल. तिला हातात धरून बसायला कुणीतरी लागेल. मला दोर फेकायचा असेल."

मी हो म्हटलं. विनयनं माझा जाड कोट माळ्यावरून काढून आणला.

तेव्हा ही विनंती. आजोबांनी शिकवलेलं सगळं बाजूला ठेवून लिहिते आहे. ऑक्टोबरमध्ये कधीतरी, समुद्र असेल तसा, लाटांच्या पलीकडे एक लहान होडी येऊन थांबेल. तिच्यावर पांढरी चादर नसेल. आत कुणी आजारी नाही. मार्था आहे, तुझी मुलगी आहे आणि मी आहे. येण्याआधी गावाला सांग, चादरीचं कुणी लिहिलं होतं ते. माझं नाव घेऊन सांग. मग ज्यांना खाली यायचं त्यांनी यावं. त्या दोघींनाच घ्यायचं असेल तर मी मागे बोटीवर राहीन. कुणालाच घ्यायचं नसेल तर दारात उभे राहा, हात खिशात घालून. आम्हाला दिसेल.

या अर्जात नाही म्हणायला जागा ठेवली आहे. पहिल्यांदाच.

ताई